शनिवारचे पालक शुक्रवारी

विज्ञान प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. शुक्रवारी पाचवी ते सातवी, शनिवारी आठवी ते दहावी, दोन्ही दिवशी सकाळी १० वाजता. महिन्याच्या वार्तापत्रात हे बरोबर छापलं होतं, शाळेच्या ॲपवर बरोबर दिसत होतं, सूचनाफलकावरही होतं. तरी शुक्रवारी सव्वादहाच्या सुमारास फाटकावरच्या काकांचा कार्यालयात फोन आला, "मॅडम, उद्याची माणसं आज आलीत."

खासगी शाळेच्या कार्यालयात पालकांना जाणारे निरोप माझ्याकडे असतात: वार्तापत्र, कार्यक्रमांचं कॅलेंडर, एसएमएस, व्हॉट्सॲपवरच्या घोषणा. बाहेरून हे लिहिण्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात बराचसा वेळ जातो तो तारीख, वार, वेळ, इयत्ता आणि जागा या पाच गोष्टी शिक्षकांकडून एका वेळी काढून घेण्यात. चार मिळतात, पाचवीसाठी मागे लागावं लागतं. वार मी मुद्दाम मागते. तारीख आणि वार जुळले नाहीत तर घोळ तिथल्या तिथे उघडा पडतो. नुसती तारीख चुकली तर ती कुणालाही चुकीची दिसत नाही.

फाटकावर गेले तेव्हा आठवी ते दहावीचे पालक जवळजवळ पाचवी ते सातवीच्या पालकांइतकेच होते. बरेचसे अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले. त्यांच्या मुलांची मॉडेलं अजून घरी, नाहीतर प्रयोगशाळेच्या कपाटात. पर्यवेक्षक सरांचा निष्कर्ष तयारच होता: "लोक वाचत नाहीत." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आपण तर लिहिलं होतं." हे दुसरं वाक्य शाळेत फार चालतं. ते उच्चारलं की पुढे शोधायचं काही उरत नाही.

पण न वाचणारी माणसं विखुरतात. कुणी शुक्रवारी येतं, कुणी शनिवारी, कुणी येतच नाही. इथे सगळ्यांची चूक एकाच दिशेला होती. पाचवी ते सातवीचे पालक नेमके त्यांच्या दिवशी आले होते, आणि आठवी ते दहावीचेही शुक्रवारीच. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर त्यांना तिकडे ढकलणारं काहीतरी असतं.

ते एका नववीच्या वडिलांच्या फोनमध्ये सापडलं. त्यांनी कॅलेंडर उघडून माझ्यासमोर धरलं. महिन्याचं दृश्य, शुक्रवारच्या चौकटीत एक हिरवी पट्टी, त्यावर 'वार्षिक विज्ञान व तं…' एवढीच अक्षरं मावलेली. शनिवारची चौकट रिकामी. शेजारच्या बाईंचा फोन वेगळ्या कंपनीचा, पण चित्र तेच. म्हणजे दोष फोनचा नव्हता.

शाळेच्या ॲपमध्ये 'माझ्या कॅलेंडरमध्ये जोडा' असं बटण आहे. ते दाबलं की आयसीएस नावाची छोटी फाइल तयार होते आणि कार्यक्रम पालकांच्या फोनमधल्या कॅलेंडरात जाऊन बसतो. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. मी ती कार्यालयातल्या संगणकावर उघडली. आत सुरुवातीची तारीख शुक्रवारची, शेवटची तारीख शनिवारची. दिसायला अगदी बरोबर, आणि घोळ नेमका तिथेच.

अशी फाइल ज्या नियमांनी लिहितात त्या आयकॅलेंडरच्या प्रमाणपद्धतीत (आरएफसी ५५४५, २००९ सालची) वेळ न देता नुसत्या तारखा दिल्या, म्हणजे कार्यक्रम पूर्ण दिवसाचा असला, तर शेवटची तारीख कार्यक्रमात धरत नाहीत. त्या तारखेच्या आदल्या दिवशी कार्यक्रम संपला असा तिचा अर्थ. शुक्रवार-शनिवारचा कार्यक्रम असेल तर फाइलमध्ये शेवट म्हणून रविवारची तारीख जायला हवी. ॲपच्या पडद्यावर मात्र आपण माणसासारखं भरतो: 'पासून शुक्रवार, पर्यंत शनिवार'. ॲपने फाइल बनवताना त्यात एक दिवस मिळवायचा असतो. या ॲपने न मिळवता तारीख जशीच्या तशी उतरवली. पालकांच्या फोनने नियम पाळला आणि शनिवार उडाला.

आमच्या नजरेला हे का पडलं नाही, याचं उत्तरही यातच आहे. ॲपचा स्वतःचा पडदा ही फाइल वाचत नाही, तो थेट आपल्या नोंदी वाचतो आणि तिथे दोन्ही दिवस व्यवस्थित दिसतात. शिक्षक, कार्यालय, मुख्याध्यापिका, सगळे तोच पडदा बघतात. तपासणारे एका जागी बघत होते आणि वापरणारे दुसऱ्या. एका दिवसाच्या कार्यक्रमात सुरुवात आणि शेवट एकच तारीख पडते. खरं तर तेही नियमात बसत नाही, पण बहुतेक कॅलेंडरं ते सांभाळून घेतात आणि एक दिवस दाखवतात. वेळ दिलेल्या कार्यक्रमात, पालकसभेसारख्या, शेवटची वेळ खरीच शेवटची असते. म्हणजे दोष फक्त पूर्ण दिवसाच्या आणि एकाहून जास्त दिवसांच्या नोंदीत उघडा पडणार, आणि तशा नोंदी वर्षात मोजक्याच.

त्यातली एक म्हणजे सुट्टी. प्रदर्शनाच्या आधीच्या सुट्टीतही शेवटचा दिवस असाच गळाला असणार, हे लक्षात आल्यावर मी स्वागतकक्षात विचारलं. तिथल्या ताईंना आठवत होतं. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं होतं, "शाळा उद्या उघडते ना?" ताईंनी सांगितलं, "नाही, परवा." विषय संपला. त्यांचं काहीच चुकलं नाही; विचारलं त्याचं नेमकं उत्तर दिलं. पण तो फोन म्हणजे पालकांच्या कॅलेंडरात बिघाड असल्याची बातमी होती, आणि ती टिपून ठेवायला आमच्याकडे जागाच नाही. फीचा फोन आला तर रजिस्टर, बस चुकली तर रजिस्टर. 'पालकांनी तारीख चुकीची सांगितली' याचं रजिस्टर नाही, कारण ती पालकांची चूक आहे असं आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. माझ्या डोक्यातून जात नाही ते हेच. सॉफ्टवेअरचा दोष त्या मानाने साधा आहे.

हे शोधून होईपर्यंत फाटकावरची गर्दी थांबणार नव्हती. वाटेवरचे पालक थोपवायचे तर लगेच निरोप हवा, आणि हा निरोप लिहायला वाटतो त्याहून अवघड. बदल काहीच झालेला नव्हता. 'दुरुस्ती' किंवा 'सुधारित वेळापत्रक' असं वर लिहिलं असतं तर ज्यांचा दिवस बरोबर होता त्यांनाही आपली तारीख हलली असं वाटलं असतं, आणि सातवीचे पालक अर्ध्या वाटेतून परत फिरले असते. 'आधीचा निरोप दुर्लक्षित करावा' हेही नको. कुठला आधीचा? आधीचा निरोप तर बरोबरच होता.

मुख्याध्यापिकांचा मसुदा 'सर्व सन्माननीय पालकांना कळविण्यात येते की' असा सुरू होत होता. देवनागरी एसएमएस किती मोठा असतो ते इथे सांगायला हवं. एका एसएमएसात १४० बाइट मावतात. रोमन लिपीत ती १६० अक्षरं होतात. देवनागरीत प्रत्येक खुणेला दोन बाइट, म्हणून ७०. त्यातही काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षराचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह, प्रत्येकाची वेगळी मोजणी. 'विद्यार्थ्यांनी' हा डोळ्याला चार अक्षरांचा शब्द एसएमएसात १५ जागा खातो. निरोप ७०च्या वर गेला की तुकडे पडतात, आणि तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येकात घालावी लागत असल्याने दर तुकड्याला ६७ उरतात. पैसे तुकड्यांवर लागतात हा मुद्दा वेगळाच. पण सगळे तुकडे येईपर्यंत निरोप पुरा दिसत नाही, काही फोनवर ते सुटेसुटे येतात, आणि घाईच्या वेळी दुसऱ्याच्या आधी पहिला तुकडा येईल याची खात्री नाही.

मुख्याध्यापिकांच्या त्या सुरुवातीच्या ओळीत रिकाम्या जागा धरून ४१ खर्च होतात. ७०पैकी ४१, आणि अजून काही सांगितलेलंच नाही. शेवटी गेला तो निरोप असा:

'८वी-१०वी: प्रदर्शन शनिवार सकाळी १० वाजता. शुक्रवारी नाही.'

मोजून ५७. इयत्ता सर्वात आधी, कारण बंद पडद्यावरच्या सूचनेत पहिले काही शब्दच दिसतात आणि निरोप आपला की नाही हे तिथेच ठरतं. 'आज' आणि 'उद्या' मुद्दाम टाळले. निरोप रात्री गेला आणि सकाळी उघडला की 'उद्या'चा अर्थ बदलतो. तो कुणी पुढे पाठवला तर आणखीच बदलतो. वार बदलत नाही. हा निरोप फक्त आठवी ते दहावीच्या यादीला गेला, पाचवी ते सातवीला काहीच पाठवलं नाही. "सगळ्यांनाच पाठवून टाका, बरं असतं," असा सल्ला आलाच. बरं नसतं. ज्याचा संबंध नाही त्याला निरोप पाठवला की पुढच्या वेळी संबंधित निरोपही तो उघडत नाही.

व्हॉट्सॲपवर एक जुनी ब्रॉडकास्ट यादी आहे, सरांचा तिच्यावर फार विश्वास. अशा यादीत २५६पर्यंत माणसं बसतात आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये शाळेचा नंबर साठवलेला आहे. नवीन प्रवेशाच्या कितीतरी पालकांनी तो साठवलेला नसतो, आणि पाठवणाऱ्याला यादीत नावं पूर्ण दिसत राहतात. उलट पालकांच्या स्वतःच्या गटांत निरोप आमच्या आधी पोचतो, पण स्क्रीनशॉट होऊन. त्या शुक्रवारी सकाळी एका गटात कॅलेंडरच्या त्याच हिरव्या पट्टीचा स्क्रीनशॉट फिरत होता, खाली 'आज आहे, विसरू नका'. ज्यांनी ॲपचं बटण कधी दाबलंच नव्हतं तेही आले ते त्यामुळे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण पुढे गेलेली प्रत बदलत नाही आणि चित्रातला मजकूर तर बदलतच नाही.

आलेल्या पालकांना परत पाठवलं नाही. सभागृह पाचवी ते सातवीच्या हिशेबाने मांडलं होतं, म्हणून तुकड्या करून आत सोडलं. दहावीच्या विज्ञानाच्या मॅडमनी कुणालाही न विचारता कपाटं उघडली, शाळेत असलेली मॉडेलं प्रयोगशाळेच्या टेबलांवर ठेवली आणि दोन तासांपुरती मुलं वर्गातून मागून घेतली. निम्म्या लोकांचं तरी तिथे भागलं. त्या वेळी कार्यालयात प्रेस नोटमध्ये 'पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' लिहावं का, यावर चर्चा चालू होती.

वार्तापत्र बरोबर होतं, मग ते का उपयोगी पडलं नाही, हेही नंतर पाहिलं. मेलचा मजकूर १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. फोटो त्यात धरत नाहीत, कारण ते बाहेरून येतात; वजन असतं मजकुराच्या मागे दडलेल्या सजावटीच्या खुणांचं. वर्डमधून मजकूर उचलून थेट चिकटवला की या खुणा भरमसाट येतात. त्या महिन्यात सर्वात वर मुख्याध्यापिकांचं मनोगत होतं, वर्डमधूनच आलेलं, आणि कार्यक्रमांचा तक्ता सर्वात खाली. तक्ता कापणीच्या रेषेखाली गेला. आता मनोगत आधी साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये टाकून धुऊन घेते, आणि तक्ता वर गेला आहे. मनोगत खाली गेल्याची नाराजी अजून आहे.

ॲप बनवणाऱ्यांना फाइल, दोन्ही फोनचे फोटो आणि प्रमाणपद्धतीतला नेमका परिच्छेद पाठवला. उत्तर आलं की अनेक दिवसांच्या कार्यक्रमात शेवटची तारीख एक दिवस पुढची भरावी. म्हणजे पालकांच्या फोनवर बरोबर आणि ॲपच्या पडद्यावर रविवारीही प्रदर्शन. तक्रारीची स्थिती त्यांच्याकडे 'निराकरण झाले' अशी आहे. मी ती पुन्हा उघडली आहे.

तोवर आमच्यापुरतं असं: एकाहून जास्त दिवसांचा कार्यक्रम एका नोंदीत भरायचाच नाही, प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेसकट. नोंदीच्या नावात आधी इयत्ता, मग कार्यक्रम: '८वी-१०वी प्रदर्शन'. 'वार्षिक', 'आंतरवर्गीय', 'भव्य' ही विशेषणं आतल्या तपशिलात. नोंद प्रकाशित झाली की दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर ती बटण दाबून जोडायची आणि महिन्याच्या दृश्यात बघायची. ज्यांनी आधी फाइल उतरवून घेतली आहे त्यांच्या फोनमधली जुनी नोंद मात्र आपोआप बदलत नाही, ती त्यांनाच काढावी लागते. म्हणून दुरुस्त नोंदीसोबत 'जुनी काढून टाका' असं इयत्तेसकट कळवावं लागतं. स्वागतकक्षातल्या फोनच्या रजिस्टरमध्ये 'पालक काय समजून होते' असा एक रकाना वाढवला आहे. सरांच्या मते तो भरायला कुणाला वेळ नाही. ताई भरतात.

पुढचे क्रीडासामने तीन दिवसांचे आहेत, इयत्ता सहा, मैदानं दोन. क्रीडाशिक्षकांनी तारखा दिल्यात, वेळा आणि जागा दिल्यात. वार अजून यायचे आहेत.