सिग्नल पूर्ण, वेग मात्र ५४ वर अडलेला

जुन्या लॅपटॉपमधले सुमारे ४० जीबी फोटो आणि व्हिडिओ डेस्कटॉपवर हलवायचे, एवढेच काम होते. दोन्ही संगणक घरच्या वाय-फायवर होते, राउटर दोघांपासूनही फार लांब नव्हता आणि दोन्हीकडे सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या. त्यामुळे तासा-दीड तासात काम उरकेल असे गृहीत धरून मी कॉपी सुरू केली. प्रत्यक्षात वेग सेकंदाला १.३ एमबीच्या पुढे सरकेना आणि उरलेला वेळ साडेआठ तास दिसू लागला.

पहिल्याच फटक्यात मी इंटरनेटचा वेग तपासला, जे आता आठवले की हसू येते. घरातल्या दोन संगणकांमधली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच परत फिरते. बाहेरच्या जोडणीचा तिच्याशी काही संबंध नसतो. मग वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यातल्या, एकमेकांवर न येणाऱ्या १, ६ आणि ११ या तिन्ही वाहिन्या (चॅनेल) एकामागून एक लावून पाहिल्या, पण फरक पडला नाही. दोन्ही संगणक ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर नेले, तरी वेग तेवढाच राहिला. यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण मी काहीही न मोजता नुसते बदल करत सुटलो होतो.

तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे आयपर्फ३ बसवले. हा छोटा प्रोग्राम एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माहिती पाठवतो, त्यामुळे डिस्क आणि फाइल शेअरिंग या दोन्ही गोष्टी हिशेबातून बाहेर पडतात. आकडा आला १०.६ मेगाबिट प्रतिसेकंद. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने त्याला आठाने भागले की बरोबर १.३ एमबी उरतात. म्हणजे ज्या जुन्या डिस्कवर माझा संशय होता ती निर्दोष होती आणि दोष जाळ्यातच होता.

मग लॅपटॉपवर वाय-फाय जोडणीची माहिती देणारी खिडकी उघडली. तिथे वेग ५४ मेगाबिट होता, आणि डेस्कटॉपवरही ५४च. वाय-फायवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते आणि प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते, म्हणून ५४ पैकी हाती वीस-बावीसच लागतात. त्यातही दोन्ही संगणक एकाच वाहिनीवर असले की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे आणि मग दुसऱ्या संगणकाकडे, त्यामुळे तेही निम्मे होतात. १०.६ चा हिशेब इथे तंतोतंत लागला. मात्र मुळात ५४ का, हा प्रश्न उरलाच.

लॅपटॉप राउटरला जवळजवळ चिकटवून ठेवला, तरी ५४. शेजारच्या खोलीत नेला, तरी ५४. अंतरानुसार हा आकडा खालीवर व्हायला हवा होता. तो हलत नाही, याचा अर्थ सिग्नल कमी पडत नसून वेगावर कुणीतरी मर्यादा घातली आहे, आणि ५४ ही तर ८०२.११जी आणि त्याआधीच्या ८०२.११ए या वाय-फायच्या जुन्या प्रमाणकांची कमाल मर्यादा. माझी उपकरणे त्यांच्यानंतरच्या, अधिक वेगवान ८०२.११एनची होती.

राउटरच्या सुरक्षेच्या पानावर उत्तर सापडले. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे हवेतून जाणारी माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीच्या, रकान्यात ‘टीकेआयपी’ निवडलेले होते. काही वर्षांपूर्वी एक जुना प्रिंटर दुसऱ्या कशालाच दाद देईना, म्हणून ते मीच लावले होते आणि साफ विसरलो होतो. टीकेआयपी ही २००३च्या सुमारास जुन्या उपकरणांसाठी काढलेली तात्पुरती सोय होती, आणि २००९च्या ८०२.११एन प्रमाणकाने तिच्यासोबत आपले वाढीव वेग वापरायला मनाईच केली आहे. ती निवडलेली असली की नवे उपकरणही मुकाट्याने ५४ वर उतरते, कुठेही सूचना येत नाही. माझ्या मते ही राउटर बनवणाऱ्यांची चूकच आहे. त्या रकान्याशेजारी इशाऱ्याची एक ओळ असती तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

टीकेआयपीऐवजी डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा आणि एईएस हे तिचे एन्क्रिप्शन निवडून राउटर पुन्हा सुरू केला. ५ गिगाहर्ट्झवर जोडणीचा वेग ३०० झाला आणि आयपर्फने ८५च्या आसपास आकडा दाखवला. हवेतला दुहेरी प्रवास टाळण्यासाठी डेस्कटॉप केबलने राउटरला जोडला, तेव्हा दीडशेच्या पुढे जाण्याची अपेक्षा होती. पण काटा ९४ वर थबकला. राउटरचे केबलचे पोर्ट १०० मेगाबिटचेच निघाले, आणि अशा पोर्टवर प्रत्यक्षात मिळतात ते ९४च. वाय-फाय आता केबलपेक्षा वेगवान ठरले होते.

सेकंदाला ११ एमबीच्या वेगाने सगळे तासाभरात उरकले. अपवाद एकच होता: हजारो बारीक चित्रांचे एक फोल्डर, जिथे प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्यातच वेळ जात असल्याने वेग पुन्हा कोसळला. ते आधी एका झिप फाइलमध्ये बांधले आणि मग पाठवले. प्रिंटरने मात्र एईएसशी जुळवून घेतले नाही. तो आता यूएसबी केबलने डेस्कटॉपला जोडलेला आहे.