जर्मनचं पातेलं

"मामा, जर्मनीला काय देऊ?"

मे महिन्यातली दुपार. दोन वाट्या आमरस पोटात गेल्यावर माणसाला जी गुंगी येते, तिच्यात मी बुडालो होतो. त्यामुळे जर्मनी आपल्याकडे पाहुणी आली आहे आणि जाताना तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं आहे, असंच मला आधी वाटलं. स्वयंपाकघरातून आईनं परस्पर निकाल दिला, "जर्मनचं पातेलं माळ्यावर आहे. ते काढू नका हं, आंबट चालत नाही त्यात."

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला अजून 'जर्मनचं' म्हणतात. जर्मन सिल्व्हर नावाचा एक धातू असतो. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी मात्र गुंजभरही नसते. तर चांदी नसलेल्या धातूचं नाव त्या धातूशी काही संबंध नसलेल्या पातेल्याला चिकटलं आणि दोन पिढ्या निघाल्या. हे मी भाच्याला सांगायला लागलो, पण त्यानं लॅपटॉप माझ्या पोटावर ठेवला.

त्याचा प्रश्न वेगळा होता. सुट्टीत तो एका स्ट्रॅटेजी गेमसाठी स्वतःचा मॉड करतोय, म्हणजे मूळ खेळात घरी केलेले फेरफार. प्रत्येक देशाला एक युनिक युनिट द्यायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे नसेल असा एक सैनिक. मराठ्यांचा मावळा त्यानं पाच सेकंदांत ठरवला होता. जपानचा सामुराई, इंग्रजांचा लाँगबो, तेही झाले. घोडं अडलं होतं जर्मनीपाशी. म्हणजे अडलंही नव्हतं. पँझर, म्हणजे जर्मन रणगाडा, टाकून तो मोकळाच होणार होता, मला फक्त रीतसर विचारत होता. मी "थांब" म्हणालो आणि उठून बसलो. दुपारची झोप गेली ती गेलीच.

पँझर हे उत्तर मला का खुपतं ते नीट सांगता येत नाही. सिव्हिलायझेशन नावाच्या गेमच्या तिसऱ्या भागात जर्मनांना पँझर होता, चौथ्यातही तोच. पाचव्यात जर्मनीचा पहिला चॅन्सेलर बिस्मार्क गादीवर, आणि बिस्मार्कच्या हाती पँझर! तो 1898 साली वारला. रणगाडा या वस्तूनं रणांगण पाहिलं 1916 मध्ये. सहाव्या भागात त्याच्या जागी बाराव्या शतकातला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा आणला आणि त्याला दिली पाणबुडी. हा बिचारा 1190 मध्ये धर्मयुद्धाला जाताना वाटेतल्या नदीत बुडून मेला होता. पाणबुडीच का सुचली असेल, यावर मी फार विचार करत नाही.

या बार्बारोसाची आणि माझी ओळख जुनी आहे. चुलतभावाकडे पुण्याला पेंटियम थ्री आला तेव्हा सुट्टीत आम्ही चौघं भावंडं एज ऑफ एम्पायर्स या गेमच्या दुसऱ्या भागावर तुटून पडायचो. माउस एक, त्यामुळे पाळी लावायची. पंधरा मिनिटं झाली की काकू लाटणं घेऊन दारात. त्यात ट्यूटॉनिक नाइट नावाचा गडी होता, पायदळातला. नखशिखान्त चिलखत. तलवारीनं त्याला काही होत नसे आणि समोर येईल त्याला तो कापून काढी. पण चाल अशी की गोगलगाय पुढे जाईल. आम्ही त्याला 'अण्णा' म्हणायचो, कारण आमचे एक अण्णा मंडईतून याच वेगानं घरी यायचे. शत्रूचे तिरंदाज चार पावलं मागे सरायचे, बाण मारायचे, परत चार पावलं मागे. अण्णा शेवटपर्यंत त्यांच्या दिशेनं चालत राहायचे. एकदा तर 'वोलोलो' असा मंत्र म्हणून शत्रूचे सैनिक आपल्याकडे वळवणाऱ्या त्या खेळातल्या भटजीनं आमचे सात अण्णा एकामागून एक फितवले होते.

त्याच खेळातल्या बार्बारोसाच्या मोहिमेचा शेवट मी विसरलेलो नाही. बादशहा बुडालेला आहे, त्याचं प्रेत व्हिनेगरच्या पिंपात घातलंय, आणि ते पिंप जेरुसलेमपर्यंत पोचवायचं. पिंपाला लढता येत नाही. फक्त सांभाळून न्यायचं, लोणच्याची बरणी एस.टी.तून न्यावी तसं. प्रेत असं टिकवायचा प्रयत्न खरोखर झाला होता आणि तो फसला. मी भाच्याला म्हणालो, जर्मनांना हे दे. पिंपातला बादशहा. दुसऱ्या कुठल्या देशाकडे आहे सांग.

"मामा, प्लीज."

बरं, मग लांड्सक्नेश्ट. आम्ही लहानपणी याचा उच्चार 'लँडनेट' असा करायचो आणि कुणी हसत नसे. 1480 च्या दशकात सम्राट मॅक्सिमिलियननं ही भाडोत्री पायदळाची फौज उभी केली. अठरा वीत लांबीचे भाले, आणि कपडे! तुम्ही चित्रं बघाच. एका पायाची तुमान पिवळी, दुसऱ्याची लालनिळी पट्ट्यापट्ट्यांची, बाह्या जागोजागी फाडून आतलं रेशीम फुग्यासारखं बाहेर काढलेलं, डोक्यावर पिसांचा पसारा. कुणी कुठल्या रंगाचं काय घालावं याचे त्या काळी कायदे असत. सम्राटानं या लोकांना त्यातून सूट दिली, एवीतेवी फार जगायचे नाहीत, मिरवू दे म्हणून. साधा पगार महिना 4 गुल्डन. पहिल्या रांगेत उभं राहण्याची किंवा पुरुषभर तलवार घेऊन भाल्यांच्या जंगलात घुसण्याची तयारी असेल त्याला दुप्पट, आणि त्याचं नावही दुप्पटपगारी अशाच अर्थाचं, डोपेलझोल्डनर. फौजेमागून बायका, पोरं, भटारी, शिंपी, कोंबड्या असा लांबलचक तांडा चालायचा. आपल्याकडे याला बाजारबुणगे म्हणत. त्यांच्यात या तांड्यावर देखरेखीला स्वतंत्र अंमलदार असे. तेवढी अक्कल आपल्याकडे पानिपताच्या वाटेवर असती तर... जाऊ दे, तो विषय काढला की मी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

या लोकांची खरी खासियत लढाईत नव्हती, पगारात होती. 1527 मध्ये इटलीत त्यांचा पगार थकला. त्यांचा सेनापती गेऑर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग त्यांच्या पुढ्यात उभा राहून समजूत घालू लागला. पोरं ऐकेनात. आयुष्यभर ज्यांना लेकरांसारखं वागवलं तेच भाले रोखून उभे राहिलेले पाहून म्हाताऱ्याला झटका आला. तो खाली बसला तो परत फौजेत आलाच नाही. आणि ते निघाले, 6 मे रोजी रोममध्ये शिरले आणि पोपचं शहर त्यांनी धुऊन काढलं. आता हे गेममध्ये कसं बसवणार? तिजोरीत खडखडाट झाला की युनिट तुमचंच ऐकत नाही आणि जवळचं सर्वांत श्रीमंत शहर लुटायला निघतं! मी तर आजच्या आज विकत घेईन असा गेम. पाचव्या सिव्हिलायझेशनमध्ये सुरुवातीला जर्मनांकडे लांड्सक्नेश्ट होता. पुढे 2013 च्या विस्तारात तो काढला आणि जागी व्यापारी संघाची इमारत बसवली. गड्याला पुन्हा भाडोत्री करून टाकलं, पैसे भरेल त्याचा. हा अन्याय आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. आता वाटतं, हेच बरोबर आहे. तो कधी कुणाचा होता?

भाचा जांभया देत होता. तरी मी त्याला पोट्सडामच्या लंबूंची पलटण सांगितलीच. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम पहिला, स्वतः बुटका, आणि नाद काय तर सव्वासहा फुटांच्या आसपासचे शिपाई गोळा करायचे. युरोपभर माणसं पाठवून उंच पोरं विकत घ्यायची, प्रसंगी पळवायची. रशियाच्या पीटरनं त्याला असे शिपाई भेट म्हणून धाडले होते. लढाईपेक्षा त्यांना कवायतीतच उभं करायचं, ठेवणीतल्या कपबशा कपाटात लावाव्यात तसं. 1740 मध्ये बाप गेला आणि मुलानं पलटण मोडली. मुलगा लढाया करणारा होता, त्याला उंचीचं काय?

"पण हे सगळे जर्मन कुठेत? प्रशिया, ऑस्ट्रिया, हॅनोव्हर..." भाच्याच्या लक्षात आलं. यायलाच हवं होतं. 1871 च्या आधी जर्मनी नावाचं एक राज्य नव्हतंच, शेकडो संस्थानं होती. आणि त्यांतली बरीच माणसं जगभर दुसऱ्यांच्या झेंड्याखाली लढत होती. हेस संस्थानाच्या अधिपतीनं आपले शिपाई अमेरिकेत लढायला इंग्रजांना भाड्यानं दिले. फार लांब कशाला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर शिंद्यांचं कवायती पायदळ उभं होतं, त्याचा सेनानी होता अँथनी पोलमन, हॅनोव्हरचा. आणि इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही धनी! म्हणजे केळणा नदीच्या काठी एक जर्मन आपल्याच राजाच्या फौजेवर मराठ्यांच्या तोफा डागत होता. त्या तोफांनी वेलस्लीची माणसं अशी कापली की पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही त्याला असई आठवायची.

"मग पोलमन मराठ्यांचा की जर्मनांचा?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मला एकदम आमचा साताऱ्याचा किल्ला आठवला. दिवाळीतला. वाड्याच्या चौकात आम्ही दरवर्षी प्रतापगड करायचो. विटा, दगड, वर ओलं पोतं, त्यावर चिखल, चिखलात अळीव. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचे, पण पैसे पुरायचे नाहीत. दहाबारा मावळ्यांत प्रतापगड राखायचा म्हणजे चेष्टा. मग आम्ही जत्रेतल्या पुडीतले प्लास्टिकचे हिरवे सैनिक भरती करायचो. महादरवाजाशी भालदार, शेजारी बझुकावाला. वरच्या बुरुजावर पालथा पडून मशीनगन रोखलेला एक. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

बाहेरच्या खोलीत आबा राहायचे. मराठा पलटणीतले पेन्शनर. एका वर्षी किल्ला बघायला आले, वाकले, आणि बुरुजावरचा तो मशीनगनवाला त्यांनी दोन बोटांत उचलला. डोळ्यांजवळ नेला. त्याचं शिरस्त्राण कानांवरून खाली उतरलेलं होतं, पालथं पातेलं घालावं तसं.

"ह्यो जर्मनवाला हाय," आबा म्हणाले. "गडावर काय करतोय?"

आम्ही गप्प. मग धाकट्यानं विचारलं, आबा, तुम्ही खरा जर्मन बघितलाय?

आबा 1945 मध्ये इटलीत होते, सेनिओ नदीच्या काठी. तिथं नदी ओलांडताना काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही. सांगितलं ते एवढंच, की पलीकडे गेल्यावर एक कैदी सापडला. "पोरगंच हुतं रं. टोप ह्यो असा, डोळ्यांवर येतोय. गाडीवान हुता. घोडी मेलेली त्येची दोन्ही." मागून आमची रसद घेऊन खेचरं आली. त्यातलं एक खेचर महाद्वाड, पलटणीतल्या निम्म्या लोकांना लाथा बसलेल्या. त्या पोरानं हात वर केलेले खाली घेतले, खेचराच्या मानेवर ठेवले आणि काहीतरी पुटपुटला. "आमी म्हनलं, आता बसतीया. तर ते गप. कान हलवत हुबं ऱ्हायलं."

मग?

"मग काय. न्येला त्येला मागं." आणि आबांनी तो हिरवा सैनिक परत बुरुजावर ठेवला. काढून टाका म्हणाले नाहीत.

गाडीवान ही गोष्ट तेव्हा मला खटकली होती. जर्मन म्हणजे रणगाडे, मोटारसायकली, सगळं यंत्र. घोडी कुठून आली? पुढे वाचनात आलं तेव्हा उलगडा झाला. 1941 च्या जूनमध्ये जर्मन फौज रशियात शिरली ती 6 लाखांहून जास्त घोडे घेऊन. पँझर पुढे, छायाचित्रकारांसमोर, आणि त्यांच्या मागून मैलोगणती घोडागाड्या. तोफा घोड्यांवर, पाव घोड्यांवर, जखमी घोड्यांवर. आणि पँझरचं तरी काय, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानं रणगाडे बाळगायला बंदी, म्हणून मधली काही वर्षं हे लोक मोटारीवर लाकूड, कापड, पुठ्ठ्याचे सांगाडे चढवून रणगाड्यांचा सराव करत होते. दिवाळीचा किल्लाच तो. शब्दसुद्धा साधा आहे. पांत्सर म्हणजे चिलखत, कासवाच्या पाठीलाही जर्मन लोक तेच म्हणतात. आमच्या अण्णांनाही चाललं असतं.

"ठरलं," मी म्हणालो. "जर्मनीचं युनिक युनिट, घोडागाडी."

भाच्यानं खरंच रकाने उघडले. गुणी पोर आहे.

"अटॅक?"

"शून्य."

"मूव्हमेंट?"

"रस्ता असेल तर दोन. चिखलात काहीच नाही."

"स्पेशल ॲबिलिटी?"

मी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं.

"शत्रूचं खेचर त्याला लाथ मारत नाही."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. मग लॅपटॉप हळूच माझ्या पोटावरून उचलला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन पँझर टाकला.