हंसातला लपंडाव: तिरक्या नजरेच्या सरावाची नोंद

यंदा पावसाळा सरल्यावर नवीन काही विकत न घेता आहे तो डोळा नीट वापरायला शिकायचं ठरवलं. दुर्बीण तीच, ८ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० मिमी. नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) दोनच: २५ आणि १० मिमी, म्हणजे ४८ आणि १२० पट.

नोव्हेंबर, अमावास्येच्या आधीचा शनिवार, भोरच्या पुढे मित्राच्या शेतावर

आधी हंस तारकासमूहातला जोडतारा अल्बिरिओ. ४८ पटीला जोडीतलं ३५ विकलांचं (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला) अंतर जवळजवळ चंद्रबिंबाएवढं दिसतं. एक तारा सोनेरी, दुसरा निळसर. रंग हवा तर थेट बघायचं, कारण रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दृष्टिपटलाच्या मधोमध दाटीने बसलेल्या असतात. फोकस किंचित बिघडवला की रंग आणखी खुलतो, जरूर करून बघा.

अभिजित ताऱ्याजवळचा एप्सिलॉन हा तारा मात्र ४८ पटीला दोनच तारे दाखवतो. त्यातल्या प्रत्येकाच्या जोडीत सव्वादोन विकलांच्या आसपास अंतर आहे, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचतं ते दोन कलांपेक्षा कमी. चांगल्या नजरेची मर्यादा एका कलेच्या आसपास असली तरी अंधारात एवढं पुरत नाही. १० मिमी लावली, १२० पट झाली, आणि चारही तारे सुटे झाले!

मग एनजीसी ६८२६, हंसातलाच एक छोटा तेजोमेघ. याच्यासाठीच आलो होतो. मधल्या ताऱ्याकडे रोखून पाहिलं की तेजोमेघ गायब, नुसता तारा उरतो. नजर जरा बाजूला सरकवली की गोल धुरकट चकती फुगून वर येते. पुन्हा रोखून पाहा, पुन्हा गायब. अर्धा तास मी एवढंच करत होतो. अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच आणि मंद उजेड टिपायचं काम त्यांचं. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर उजवीकडे न्या. डावीकडे नेलीत तर वस्तू अंधबिंदूवर (दृष्टिपटलावरच्या काहीच न दिसणाऱ्या जागेवर) सापडू शकते. मला हे कळायला दोन रात्री लागल्या.

साडेनऊला बांधावरून एक मोटरसायकल गेली आणि हेडलाइट थेट डोळ्यांवर आला. चकती पुन्हा नीट दिसायला अर्धा तास गेला. तेव्हापासून दुर्बिणीवर डोक्यावरून काळं कापड घेतो.

डिसेंबर, तीच जागा

मृगातला मोठा तेजोमेघ. फोटोत तो गुलाबी-लाल दिसतो, कारण हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश कॅमेरा टिपतो. दंडपेशींना तो जवळपास दिसतच नाही. (आपण लाल टॉर्च वापरतो तो याच आधारावर.) उलट ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरची हिरवट रेषा त्यांच्या सर्वात संवेदनशील भागात पडते. मला तेजोमेघाचे दोन्हीकडे पसरलेले पंख राखाडी दिसले. पण चार ताऱ्यांच्या चौकडीभोवती, जिथे उजेड शंकुपेशींनाही पुरतो, तिथे फिकट हिरवट झाक आहे, याची आता खात्री पटली. तीन वेळा डोळा काढून पुन्हा लावून पाहिली.

पुढच्या अमावास्येला पंखांचं पेन्सिलने रेखाटन. कागद आणि लाल टॉर्चवर चढवायचा आणखी एक लाल थर तयार आहे.