सही केलीय ना

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

"सही केलीय ना गं मावशी, बोलता यायचं नाही." सुटलेल्या नोकरीबद्दल भाची एवढंच म्हणाली आणि पॅटिसचा कागद चुरगाळून डब्यात टाकला. मग आम्ही ताईच्या गुडघ्याबद्दल बोललो. कर्वे रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. साडेसातला ती गेली.

तेव्हापासून टोचतंय. बाणेरची नोकरी का सुटली, हे नाही. ते मला साधारण कळतं. मार्चपासून तिच्या फोनवरच्या आवाजातच होतं ते. टोचतंय ते हे, की "बोलता यायचं नाही" हे ऐकून मला हायसं वाटलं. वर्गणीवाले बेल न वाजवता पुढच्या मजल्यावर गेले की वाटतं ना, तसं.

आणि चपला घालता घालता विचारते कशी, "तुझा हार्वी काय म्हणतोय? आत की बाहेर?"

घरातला जुना विनोद. ही पोरं लहान असताना सिनेमा संपला तरी मी कुणाला उठू द्यायचे नाही. पाट्या वाचायच्या, पैसे कुणी घातले ते बघायचं, ही माझी शिस्त. अलका टॉकीजला झाडूवाला आत आला तरी आम्ही खुर्चीतच. त्या पाट्यांत मिरामॅक्स दिसलं की मी खूश. हार्वी आणि बॉब वाइनस्टीन या दोन भावांनी 1979 मध्ये काढलेली कंपनी. नाव आईवडिलांचं, मिरियम आणि मॅक्स. आपल्याकडे बंगल्याला मातृपितृछाया म्हणतात तसंच, म्हणून आणखी कौतुक.

मघाशी माळ्यावरून 1999 ची वही काढली. (शिंका अजून थांबलेल्या नाहीत.) मार्चमधली ती सोमवारची सकाळ. मिरामॅक्सच्या 'शेक्सपिअर इन लव्ह'ला 7 ऑस्कर, स्पिलबर्गचा युद्धपट मागे. मंचावर निर्मात्यांच्या घोळक्यात तो जाडजूड हार्वी. कुकरच्या शिट्ट्या विसरून मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि वहीत लिहिलंय: "छोट्यांनी मोठ्यांना धूळ चारली!" पुढे दोन उद्गारचिन्हं. छोटे कसले? 1993 पासूनच डिस्नेच्या पदरात होते.

त्या सकाळच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर 1998 मध्ये, मिरामॅक्सच्या लंडनच्या ऑफिसातल्या झेल्डा पर्किन्सने गप्प राहण्याच्या करारावर सही केली होती. त्याचीच सहायक. व्हेनिसच्या महोत्सवात त्याने आपल्यावर बळजबरी करायचा प्रयत्न केला, असं तिच्या सहकारी मैत्रिणीने तिला सांगितलं. हिने त्याला तोंडावर जाब विचारला, नोकरी सोडली, वकील गाठला. वकिलांनी तडजोडीचा रस्ता दाखवला. दोघींना मिळून अडीच लाख पौंड, आणि तोंड बंद. डॉक्टरशी बोलायचं तर आधी डॉक्टरची सही. त्याने मानसोपचार घ्यावेत, अशीही अट तिने घालून घेतली होती. बिचारी. आणि ज्या कागदाने आयुष्यभर बांधून ठेवलं, त्याची प्रत तिने जवळ ठेवायची नाही.

प्रत ठेवायची नाही, इथे मी दरवेळी अडखळते. काय बोलायचं नाही हे तरी लक्षात कसं ठेवायचं माणसाने?

एकोणीस वर्षं गेली. ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्या छळाची पहिली बातमी आली, तीन दिवसांत त्याच्याच (मिरामॅक्सनंतर काढलेल्या) कंपनीने त्याला काढलं, ऐंशीहून जास्त बायका तक्रारी घेऊन पुढे आल्या, आणि त्याच महिन्यात झेल्डाने करार मोडून तोंड उघडलं. पुढचं कोर्टाचं मी पाठ म्हणून दाखवू शकते. 2020 मध्ये न्यूयॉर्कला 23 वर्षं तुरुंगवास. 2023 मध्ये लॉस एंजेलिसला आणखी 16. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कचा निकाल चार विरुद्ध तीन मतांनी रद्द, तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होते. जून 2025 मध्ये फेरखटल्यात एका आरोपात पुन्हा दोषी. तेव्हा आतच आहे गं बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पण मला काय करायचंय त्याच्याशी? तो काय करायचा हे आसपासच्यांना थोडंबहुत माहीत होतं, असं वाचलं की मी तावातावाने म्हणायचे, "गप्प कसे बसले हे लोक?" त्याच्याबरोबर सिनेमे केलेल्या दिग्दर्शक टॅरँटिनोने तर कबूलच केलं की मला पुरेसं ठाऊक होतं. त्याला मी काय काय बोलले होते जेवताना! हे मान खाली घालून भात कालवत होते.

आणि आज माझ्याच ओट्याशी उभं राहून पोरगी गप्प बसली, तर मला हायसं वाटलं.

मला तरी कुणी काय विचारलं होतं म्हणा. माझ्या पहिल्या ऑफिसात सहीसुद्धा लागली नव्हती. आईने फक्त "उद्यापासून डबा देऊ नको का?" एवढं विचारलं, आणि मी "नको" म्हटलं. संपलं. झेल्डाला निदान सव्वा लाख पौंड तरी मिळाले, मी अगदीच फुकटात गेले. (हे लिहिताना हसू आलं. आलं तर आलं.)

आईलाही हायसं वाटलं असेल का?

असो. तिच्यावर ढकलून काही उपयोग नाही; ती असती तर म्हणाली असती, आधी तो माळ्यावरचा धुरळा पूस.

मघाशी मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. "गुरुवारी ये, थालीपीठ करते." हा पाठवला नाही. "काय झालं होतं?" हाही नाही. शेवटी विचारलं, "त्या कागदाची प्रत आहे का तुझ्याकडे?"

लगेच उत्तर आलं. जागीच आहे म्हणजे.

"आहे की. का गं?"

आता बारा वाजून गेलेत. अजून काही लिहिलेलं नाही मी तिला.