तुम्ही विचारलंत म्हणून: धर्मशाळेत चित्रं बघायची की डोंगर चढायचा?

"हिमाचलातल्या धर्मशाळेला चाललोय. तिथली कला बघू की ट्रेक करू? चार-पाच दिवसांत दोन्ही कसं बसवायचं?" सुट्ट्यांची तिकिटं काढायची वेळ आली की ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर हा प्रश्न मला हमखास येतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

मुळात हे दोन वेगळे कार्यक्रम धरू नका. धर्मशाळा ज्या कांगडा खोऱ्यात आहे, तिथली कला त्याच्या उतारांवरच वाढली आहे. ती न बघता डोंगर चढलात तर डोंगर अर्धाच दिसेल, आणि नुसती दालनं फिरलात तर चित्रंही अर्धीच कळतील.

सुरुवात मुंबईतच करा. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी लघुचित्रं, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांत काढलेली लहान आकाराची चित्रं आहेत. मुंबईचे वकील कार्ल खंडालावाला यांनी या चित्रांचा मोठा अभ्यास केला आणि आपला संग्रह या वस्तुसंग्रहालयाला दिला. तिथे राधा-कृष्ण तर बघालच, पण त्यांच्या मागेही बघा. गोलसर हिरव्या टेकड्या, फुललेली झाडं, वळत जाणारा ओढा. प्रसंग वृंदावनातला आहे, पण खोरं कांगड्याचं. चित्रकारांनी देवाला आपल्याच गावच्या अंगणात आणून बसवलं. मला या चित्रांचं सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते यासाठीच.

आणि ती काढणारी माणसं? पुष्कळ काळ शैलीची ओळख राजांच्या नावाने व्हायची. कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्याय नामावळ्या ठेवतात ना, तशाच त्या. यात्रेला आलेल्या चित्रकारांनी तिथे आपली वंशावळ लिहून ठेवली होती. त्यातून कांगड्याजवळच्या गुलेर संस्थानातले पंडित सेऊ, त्यांचे मुलगे माणकू आणि नैनसुख, मग नातवंडं असं सगळं घराणं उभं राहिलं. शैली दरबाराची नव्हे, घराण्याची, हे गोस्वामींनी 1968 साली मांडलं, तेही मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात. गाण्यातल्या घराण्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन उमजतं.

एवढं डोक्यात ठेवून धर्मशाळा गाठा. कोतवाली बाजारातलं कांगडा कला संग्रहालय लहान आहे, पण चुकवू नका. नंतर सिद्धपूरची नोरबुलिंका संस्था. तिबेटी कला टिकावी म्हणून ती 1988 साली सुरू झाली. कामाच्या दिवशी गेलात तर मुलंमुली थांका, म्हणजे कापडावरची तिबेटी बौद्ध चित्रं, रंगवताना दिसतात. आधी कापडावर प्रमाणाच्या रेषांची जाळी आखतात, मग आकृती, मग रंग, आणि मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात. तिथे घाई करू नका. दुकानातल्या किमती बघून दचकायला होतं, पण आधी आत काम बघितलं असेल तर दचकणार नाही.

आता चढ. धर्मशाळेचा वरचा भाग, मॅक्लिओडगंज, दोन हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उंच. तिथून धर्मकोट किंवा गल्लू देवीच्या देवळाकडून त्रिउंड या माळाची वाट निघते. बान (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) या झाडांच्या सावलीतून जाते, मार्च-एप्रिलमध्ये बुरांश लाल फुलतो. सह्याद्रीत चालणाऱ्याला ही वाट अवघड नाही. फक्त शेवटची वळणं छातीवर येतात, तिथे दमाने घ्या. सुमारे 2,850 मीटरवर गवताळ सोंडेवर पोचलं की हिमालयाची धौलाधार रांग एकदम समोर उभी. मध्ये लहान डोंगरांच्या रांगा नाहीत, म्हणून ती इतकी जवळ वाटते. मागे वळलात की खाली सगळं कांगडा खोरं. चित्रांतलं हिरवं ते हेच! बर्फाची ही भिंत मात्र चित्रांत क्वचितच येते. चित्रकारांनी पायथ्याची शेतं, झाडं आणि घरं निवडली.

पहाटेच निघा, कारण दुपारनंतर हवा फिरते. वाटेत गद्दी मेंढपाळांचा कळप भेटला तर बाजूला होऊन वाट द्या. आपल्या धनगरांसारखेच हे लोक मोसमाप्रमाणे मेंढरं घेऊन फिरतात, धौलाधारच्या खिंडी ओलांडतात. पुढे इंद्रहार खिंडीचा मोह होईल. ती 4,300 मीटरच्या वर आहे, स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊच नका.

एक दिवस खोऱ्यातल्या अंद्रेट्टा या गावाला द्या. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स तिथे मातीच्या घरात राहिल्या, उघड्यावर नाटकं बसवली. पृथ्वीराज कपूर त्यांच्याकडे येऊन गेले होते. चित्रकार शोभा सिंगही फाळणीनंतर तिथेच स्थायिक झाले. तिथल्या कुंभारकामाच्या शाळेत चाकावर हात टाकून बघता येतो. मॅक्लिओडगंजजवळचा भागसूचा धबधबा मात्र शनिवार-रविवारी सरळ सोडा, गर्दीपलीकडे काही दिसत नाही.

मसरूरला मात्र जाच. आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकातून कोरलेली देवळं, समोर तळं, आणि तोंड धौलाधारकडे. वेरूळचं कैलास बघितलेल्या माणसाला तिथे आपलं काहीतरी सापडतं. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपाने त्यांची बरीच पडझड झाली. त्याच भूकंपात खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसं गेली. तिथे उभं राहताना तेही आठवा.

वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने पठाणकोट कॅन्टोन्मेंट, तिथून रस्त्याने साधारण नव्वद किलोमीटर. 1929 ची छोटी कांगडा रेल्वे फार गोड आहे. पण ऑगस्ट 2022 च्या पुरात चक्की नदीवरचा तिचा पूल पडला, तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत चालते ते निघण्याआधी विचारून घ्या. जुलै-ऑगस्टला जाऊ नका, तिथला पाऊस मुंबईला भारी पडेल असा आहे. ऑक्टोबर उत्तम, आकाश धुतलेलं असतं. आणि आई-बाबा बरोबर असले तर त्रिउंडचा हट्ट सोडून त्यांना गाडीने मॅक्लिओडगंजजवळच्या नड्डी गावी न्या. धौलाधार तिथूनही समोर दिसते, आणि तुम्हालाही त्यांच्याजवळ बसून निवांत चहा घेता येतो.