वीस मिनिटं

रात्री साडेअकराला एका मामांना टेम्पोतून आणलं. सोबतचा पोरगा स्ट्रेचर ढकलत म्हणाला, "पान लागलंय, सिस्टर." रात्रीचं 'साप' म्हणायचं नाही ही रीत माझ्या आजीच्या घरातही आहे, त्यामुळं मला लगेच कळलं. पुण्याचा इंटर्न मात्र विचारत राहिला, "कसलं पान?"

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मामा पन्हाळ्याकडच्या एका वाडीतले. मोटर चालू करून, उसाला पाणी सोडून अनवाणी बांधावरनं येत होते. गुडघ्याखाली टॉवेल करकचून आवळलेला, घोटा फुगलेला, चावल्या जागेतलं रक्त थांबेना. आधी देवाला नेऊन आणलं होतं, त्यात तास गेला. कुणी रागावलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सर्पदंश अगदी तोंडपाठ केलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला, हेसुद्धा. आणि त्या रात्री इन्चार्ज सिस्टर "रक्त गोठतंय का बघ" म्हणाल्या, तेव्हा मी सवयीनं जांभळ्या टोपणाची नळी उचलली.

"त्यात जन्मात गोठायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. खरंच की. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणूनच औषध असतं. धडधाकट माणसाचं रक्तही त्यात पातळच राहिलं असतं. सिस्टरांनी त्यांच्या कपाटातनं कोऱ्या काचेच्या दोन टेस्टट्यूब काढल्या. काचच लागते, आणि तीही साबणानं न धुतलेली. एकीत मामांचं 2 मिली रक्त. दुसरीत कुणाचं? "तुझंच घे," म्हणाल्या. इंटर्ननं माझ्या हातातनं काढलं.

मग वीस मिनिटं. नळ्या हलवायच्या नाहीत, वाकवून बघायच्या नाहीत. मामी दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, "काय कळलं काय वं?" आठव्या मिनिटाला माझा हात स्टँडकडे गेला आणि मी तो मागं घेतला. तेवढ्या वेळात सिस्टरांनी पेनानं मामांच्या पायावर सूज जिथवर आली होती तिथं रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली.

वीस झाल्यावर दोन्ही नळ्या आडव्या केल्या. माझं रक्त खरवसासारखं धरलेलं, हललं नाही. मामांचं सरळ काठापर्यंत वाहत आलं.

पुढं सगळी पळापळ. प्रतिविषाच्या दहा बाटल्या, प्रत्येकीत पावडर, ती 10 मिली पाण्यात विरघळवायची. घाईत खसाखसा हलवली की फेस होतो, म्हणून तळहातात हळूहळू फिरवायची. ॲड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं, कारण घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या औषधाची कुणाला कधी रिॲक्शन येईल, सांगता येत नाही. कुठला साप होता ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं अडलंही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर औषध एकच. मात्र रक्त गोठेना म्हटल्यावर सिस्टरांना घोणशीचा संशय होता, त्यामुळं किडनीची काळजी. दर तासाला लघवीची पिशवी मोजायचं काम माझ्याकडं आलं.

माझ्या बॅचच्या निम्म्या पोरी जर्मनचे क्लास लावून बसल्यात. पगार बघता त्यांचं चूक काही नाही, घरचे मलाही तेच सांगतात. मला मात्र समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचंय, शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या एखाद्या उपकेंद्रात. नोकरी कंत्राटी आहे हे माहीत आहे. पण मामांचा तो गेलेला तास गावातच वाचवायला हवा होता, आणि तिथं देवाला न्यायच्या आधी जिच्याकडं आणतील अशी कुणीतरी बसलेली लागते. देवाला नंतर न्या की, कोण नको म्हणतंय.

प्रतिविष सुरू केल्यावर सहा तासांनी पुन्हा चाचणी. त्याआधी करून उपयोग नाही, गोठवणारे घटक लिव्हरला नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतो. सकाळी साडेसहाला मी काचेची नळी आपणहून उचलली. वीस मिनिटांनी आडवी केली. धरलं होतं. पायावरची सूज पहिल्या रेघेच्या दोन बोटं वर जाऊन थांबली होती.

मामांनी डोळे उघडले, मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतायत.

"बाळ, पोराला फोन लाव," म्हणाले. "मोटर बंद करायची राहिली की रातीची."