शेळीला रेंज आली तेव्हा

जानेवारीत आमच्या शाळेत एका लेखकानं तीन दिवस लेखनाची कार्यशाळा घेतली, तेव्हापासून त्याबद्दल लिहायचं राहून गेलंय, आज रविवार आहे आणि लाइटही आहे, तर एकदाचं लिहूनच टाकते.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला मराठी शिकवते. इकडचं गणित ज्यांना माहितीय त्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळे जावंच लागतं, आणि गाव रिकामं होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ते कोल्हापूर, सांगली नाहीतर पार कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. लेकरं काही सोबत जातात, काही आजीपाशी राहतात आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. माझ्या तीन वर्गांत मिळून अशी २३ लेकरं होती. लेखनाची कार्यशाळा घ्यायची म्हटल्यावर मी मुद्दाम हाच काळ धरला, कारण संध्याकाळी ह्या लेकरांना घरी जायची घाई नसते, घरी वाट बघणारी एकटी आजी असते आणि तीही बऱ्याचदा शेळ्यांमागं.

लेखक शाळेत येणार म्हणजे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मंडप, माइक, शाल, श्रीफळ, मग तासभर भाषण, ‘वाचाल तर वाचाल’, टाळ्या, चहा, फोटो. लेकरं उन्हात बसलेली. मला ते अजिबात नको होतं. ज्यांना बोलावलं ते लहान मुलांसाठी लिहितात, वय साठीच्या पुढं, पुण्याहून एसटीनं आले (नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही). त्यांनी फोनवरच सांगितलेलं, मॅडम, एका दिवसाचा कार्यक्रम असेल तर मी येत नाही, तीन दिवस द्या, पंचवीसच्या वर मुलं नकोत, नंबर काढायचे नाहीत आणि मला खुर्ची नको. हे ऐकून माझा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही. ‘माझी आई’ लिहा म्हणाले. लेकरांनी पंधरा मिनिटांत लिहून दिलं आणि २३ कागदांवर एकच आई होती. पहाटे पाचला उठणारी, सडा-रांगोळी करणारी, प्रेमळ, आजारपणात उशाशी बसणारी, आणि शेवटी कवितेची तीच ती ओळ. मी हे कागद वर्षानुवर्षं तपासलेत, दहापैकी आठ मार्कही दिलेत, पण त्या दिवशी लागोपाठ २३ मोठ्यानं वाचताना माझ्या घशाशी आलं, कारण ह्यातल्या एकाही पोराची आई त्या क्षणी गावात नव्हती आणि एकाही कागदावर ते नव्हतं.

सर वाईट लिहिलंय असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. कागद बाजूला ठेवले आणि लेकरांमध्ये मांडी घालून बसत विचारलं, “आईचे हात कसे आहेत?” बराच वेळ कुणी बोलेना. मग सातवीतली एक पोरगी खाली बघत म्हणाली, “उसाच्या पाचटानं चिरल्यात.” “कुठं चिरल्यात?” “हितं, अंगठ्याच्या खाली. मधी आली तर चुलीपाशी मेण वितळून भरायली व्हती, मला म्हणली तू नको बघू.” सर म्हणाले, हे लिही. पोरीनं विचारलं, “असंच लिहू? बोलल्यासारखं?” “असंच.”

माझी चूक इथं झाली ती पण सांगते. ती लिहीत असताना मी मागून फिरत होते, तिनं ‘भरायली व्हती’ लिहिलेलं, मी सवयीनं लाल पेन काढून ‘भरत होती’ केलं. पोरीनं वही हातानं झाकली. पुढं एक ओळ लिहिली नाही तिनं त्या दिवशी. दुपारी जेवताना सर मला हळूच म्हणाले, मॅडम, शुद्धलेखन आपण करू, शेवटी करू आणि तिच्यासोबत बसून करू, आधी तिचं बोलून तरी होऊ द्या. अठरा वर्षं शिकवतेय मी. त्या झाकलेल्या वहीवरचा तिचा हात अजून डोळ्यासमोरून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि लाल पेन कपाटात ठेवून कुलूप लावलं, तीन दिवस काढलं नाही.

दुसरा दिवस खेळाचा. जान्नी रोदारी नावाचा इटालियन लेखक होता, लहान मुलांसाठी लिहायचा, १९७० साली त्याला हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला, आणि १९७२ च्या मार्चमध्ये त्यानं रेज्जो एमिल्या नावाच्या शहरात शिक्षकांसोबत काही दिवस बसून गोष्टी कशा सुचतात ह्यावर बोलणं केलं, त्यातून पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. त्यातला हा खेळ. एका पोरानं फळ्याच्या एका बाजूला शब्द लिहायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला, एकमेकांचं बघायचं नाही. शब्द जितके लांबचे तितकं बरं, घोडा आणि कुत्रा असं नको, ते शेजारीच राहतात. रोदारीचं उदाहरण कुत्रा आणि कपाट असं आहे. मग ते दोन शब्द वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडत जायचं आणि कुठल्या जोडीत गोष्ट हलते ते बघायचं.

आमच्या फळ्यावर एकीकडं आलं ‘शेळी’ आणि दुसरीकडं आलं ‘रेंज’.

आता गंमत बघा, इटालियनमध्ये जोडायला वेगळे छोटे शब्द घ्यावे लागतात, आपल्याकडं विभक्ती आहे! जी लेकरं ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ पाढ्यासारखं घोकतात आणि कशासाठी घोकतोय ते त्यांना कधीच कळत नाही, तीच लेकरं ओरडू लागली. शेळीची रेंज. शेळीला रेंज. रेंजमधली शेळी. रेंजसाठी शेळी. शेळीहून रेंज मोठी. सर नुसते फळ्यावर उतरवत होते. ‘शेळीला रेंज’ वर सहावीतला एक पोरगा एकदम उभा राहिला, हा वर्गात तोंड उघडत नाही, बाप-माय दोघं कर्नाटकात, आणि म्हणाला, “सर, आमच्या वस्तीवर रेंजच नाही, टेकाडावर जावं लागतं फोनला, तर शेळीलाच रेंज आली तर?”

त्या पोराची गोष्ट थोडक्यात अशी. आजीच्या शेळीला एक दिवस रेंज येते. शिंगात येते, एका शिंगात दोन कांड्या, दुसऱ्यात तीन. ती जिथं चरायला जाईल तिथं फोन लागतो, म्हणून सगळी वस्ती शेळीच्या मागं फिरायला लागते, कुणी पाला घेऊन, कुणी भाकरी. शेळी बाभळीखाली थांबली की सगळे बाभळीखाली बसून आपापल्या माणसाशी बोलतात, आणि ती उठली की फोन कट. ह्याच्या मायचा फोन रात्री येतो, उसाच्या फडातून कोपीवर म्हणजे झोपडीवर आल्यावर, म्हणून हा रात्री शेळीला कवटाळून झोपतो. माय विचारते, “जेवलास का रं?” आणि नेमकी शेळी मान हलवती.

मी वाक्यं जशी होती तशी लिहिलेली नाहीत, त्याची त्याची जास्त चांगली आहेत. पण ‘माझी आई’ मध्ये जी आई आली नव्हती ती शेळीच्या शिंगातून आली. म्हणून मला वाटतं की दुःखावर लिहा, अनुभवावर लिहा असं लेकरांना थेट सांगूच नये. बाहेरून आलेला माणूस एक तिऱ्हाईत शब्द समोर ठेवतो आणि लेकरू स्वतःच वाट काढत तिथं जातं, त्याला जायचं असेल तर. सात-आठ जणांनी भुताच्या नाहीतर क्रिकेटच्या गोष्टी लिहिल्या, त्याही मस्त होत्या.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आणि पुस्तकं. डब्लिनमध्ये रॉडी डॉयल ह्या कादंबरीकारानं २००९ मध्ये मुलांसाठी लेखनाचं केंद्र सुरू केलं, तिथं शाळकरी मुलं गोष्टीची सुरुवात सगळी मिळून रचतात, पुढचं ज्याचं त्यानं लिहायचं आणि जाताना स्वतःचं छापील पुस्तक घेऊन जायचं. आमच्याकडं छापील कुठलं, पण कार्डशीट होतं, दाभण होतं, गोणपाट शिवायचा सुतळी दोरा होता. २३ पुस्तकं शिवली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव पूर्ण लिहायचं हा सरांचा आग्रह, आणि नावात आईचं नाव घालायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवायचं. बहुतेकांनी घातलं.

सर गेले. खरी भीती मला ह्याच्या पुढची होती, कारण पाहुणा जातो आणि शाळा परत ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ वर येते. जाताना त्यांनीच साने गुरुजींची आठवण काढली. गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात असताना मुलांसाठी रोज स्वतःच्या हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. रोज! आमचंही वसतिगृहच आहे की, हंगामी का असेना. म्हणून आम्ही दर शनिवारी एक भिंतपत्र सुरू केलं, जेवणाच्या खोलीबाहेर, लेकरंच लिहितात, स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा आमटी का बिघडली ते लिहून घ्यायला लावलं. तीन महिन्यांत दोनच शनिवार चुकले. ज्यांना शाळेत असं काही करायचंय त्यांनी लेखकाला बोलावण्याआधी हे पुढचं ठरवा, आणि ‘किशोर’ ह्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, १९७१ पासूनचे, ते लेकरांना दाखवा, मोबाइलवर उघडतात.

मागच्या आठवड्यात गाड्या परत आल्या. शेळीवाल्या पोराची माय शाळेत आली, तिला वाचता येत नाही, तर पोरानं व्हरांड्यात पायरीवर बसून सुतळीनं शिवलेलं पुस्तक तिला वाचून दाखवलं. मी दाराआड उभी होते. तिनं पूर्ण ऐकलं, पदर तोंडाला लावून. मग म्हणाली, “आन् मी आल्यावर? शेळीची रेंज जाती का ऱ्हाती?”

पोरगा गप्प. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला आणि म्हणाला, मॅडम, दोन कागद द्या, गोष्ट संपली नाही अजून.